दत्ता, तात्या आले बे सुपरहिरोत

दत्ता जाऊन आज वर्ष झालं, आन् आपले तात्या गेल्या शुक्रवारी सुपरहिरोच्या सिरीजमध्ये आले.

एक वर्ष थांबला असतास तर काय बिघडलं असतं बे तुझं.

ज्यांना माहीत न्हाई त्यांना सांगतो. तात्या म्हंजे आमचा आवडता ॲक्टर. पिक्चरमध्ये कायम पाटलाच्या मागं उभा राहणारा, मिशीला पीळ देणारा आन् इंटरव्हलच्या आत मार खाऊन गायब होणारा माणूस. नाव कुणाच्या ध्यानात राहत न्हाई, चेहरा समदे ओळखतात. आपल्या बीड जिल्ह्याचा माणूस, म्हणून आमी त्यांना तात्या म्हणतो. तात्यांना ह्यातलं काहीच माहीत न्हाई.

फॅन क्लब चौघांचा. मी, सिरसाळ्याला बी-बियाणाचं दुकान. गेवराईचा आसेफ, हायवेला टायरचं दुकान. धारूरच्या मनीषाताई, त्यांचं ब्युटी पार्लर. आन् धारूरजवळच्या खेड्यातला दत्ता, उसाचा ट्रॅक्टर चालवायचा.

दत्ताचं एकच पालुपद. "तात्या एक दिवस सुपरहिरोत येणार."

आसेफ म्हणायचा, "धोतरावर उडवणार का बे त्यांना?"

"हसा. आले की मग बोलतो तुमाला."

सिरीज तीच, ज्याच्यात हिरो हातातून वीज सोडतो. आमी त्याला डीपी म्हणतो, शेतातल्या लाइटच्या डीपीसारखा. फरक एवढाच की हा जळत न्हाई.

आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा नियम सांगतो.

दिवाळीच्या सुमाराला दत्ता तोडणीच्या टोळीबरोबर उसाला जायचा, पार कर्नाटकच्या बॉर्डरला. तोडणी चालते त्या फडात रेंज नसायची. कारखान्यावर ट्रॅक्टर नंबराच्या रांगेत उभा असला की तिथल्या रेंजवर एपिसोड उतरवून घ्यायचा. एकदा आसेफनं त्याच्या आधीच ग्रुपवर शेवट सांगून टाकला. दत्ता लई चिडला, ग्रुप सोडून गेला. मनीषाताईंनी समजूत काढली तेव्हा परत आला, पण नियम घेऊनच आला.

"फडावरचा माणूस 'झालं' म्हणत न्हाई, तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई."

आमी पाळला. जीव जायची वेळ यायची, पण पाळला. त्याचं 'झालं' आलं रे आलं की जे भांडण सुरू व्हायचं, माझी बायको म्हणायची, निदान जेवायला तरी या.

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर ट्रॉली जोडताना दत्ताच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं समदं.

आन् आता हा शुक्रवार.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी एपिसोड लावला. तात्या आले. धोतर न्हाई बरं का, पँट-शर्ट. एका जुन्या गॅरेजचे मालक. डीपी जखमी होऊन तिथं लपतो, बाहेर व्हिलनची माणसं. तात्या त्याला पाणी पाजतात, मग वर अडकलेलं लोखंडी शटर एका हातानं खाली खेचतात. शटर वाकतं. तात्या स्वतःच्या हाताकडं बघून हसतात. एपिसोड खलास.

तात्यांना पावर हाय का न्हाई? फोन घेतला, ग्रुप उघडला.

आन् थांबलो. दत्ताचं 'झालं' आलं नव्हतं.

ग्रुपवर कुणीच काही बोलंना. आसेफचा फोन आला. तो टायरच्या भावावर बोलला, मी पावसावर. दोघांनीबी बघितलंय हे दोघांनाबी कळत होतं.

मनीषाताई फोनवर म्हणाल्या, "मलाबी लई बोलायचंय हो. पण बोललो म्हंजे दत्ता न्हाई, हे आपल्याच तोंडानं सांगितल्यासारखं व्हईल."

आज वर्षश्राद्धाला तिघंबी गेलतो. जेवणं झाली. दत्ताची बायको, सविता वहिनी, ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "भाऊजी, ते तुमचं तात्याचं आलं म्हणं?"

"आलं वहिनी."

"मग भांडत कावून न्हाईत? ह्यांच्या फोनवर मी तुमचा ग्रुप रोज बघते. निसतं गुड मॉर्निंग चाललंय."

मनीषाताई नियम सांगायला लागल्या. वहिनींना तो आधीच ठाऊक होता. फडावर झोपडीवजा कोपीत बसून दत्ताची बडबड त्यांनीच तर ऐकली होती. पदराला हात पुसून म्हणाल्या, "लावा. मी बघते."

पडवीत आमी चौघं, एक फोन. "ह्याला शॉक कसा लागत न्हाई?" वहिनी विचारायच्या, आसेफ समजावून सांगायचा. तात्या आले तशा त्या पुढं सरकल्या. "हेच व्हय ते?"

संपल्यावर त्यांनी डोळ्याला पदर लावला. आन् म्हणाल्या, "झालं."

मग काय विचारता. आसेफ म्हणाला पावर हाय. मी म्हणालो, शटर गंजलेलं होतं बे. मनीषाताई म्हणाल्या, "मग हात बघून हसले कावून?" आवाज इतका चढला की दत्ताचा थोरला भाऊ घाबरून बाहेर आला.

वहिनी म्हणाल्या, "पावर न्हाई आन् काही न्हाई. घरात कुणी जखमी लेकरू आलं की येतोच हातात जोर."

आसेफनं हात जोडले. हे आयुष्यात पहिल्यांदा.

"पुढचा भाग कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारी. तात्या हायत त्याच्यातबी."

"मी बुधवारी चाललेय उसाला. माझ्या भावाच्या टोळीत."

आसेफ बोटांवर वार मोजायला लागला.

"तिथं रेंज नसती," वहिनी म्हणाल्या. "माझं झालं म्हणेपर्यंत कुणी तोंड उघडायचं न्हाई."

मी हो म्हणालो.

तर मित्रांनो, शुक्रवारी खुशाल बघा. पण माझ्या पोस्टखाली त्या एपिसोडबद्दल एक शब्द टाकायचा न्हाई. आमचं माणूस तवा फडावर असंल.

दत्ता, तुझं खरं झालं बे. लई आठवण येती. तुला आमचा तिघांचा रामराम.