स्वातंत्र्य नावाचा प्रांत

"ह्या प्रांतातून बाहेर जायचा रस्ता कोनता हाय, ते पयले पाहा न भाऊ. बाकी मंग."

नव्या प्रांताचं काम आलं की ताई चष्मा कपाळावर सरकवायच्या, नकाशात नाक खुपसायच्या आणि हेच म्हणायच्या. प्रांत आपल्याकडचा नव्हे, कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकचा. सीताबर्डीवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर बसून आम्ही परदेशातल्या एका कंपनीसाठी त्या देशाच्या प्रांतांची माहिती लिहायचो. भूगोल, इतिहास, अर्थव्यवस्था. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत, तोही गणपतीपुळ्याचा. पण नेटवर तिथल्या उसाबद्दल तुम्ही कधी वाचलं असेल, तर ते खापरखेड्याहून बसने येणाऱ्या आमच्या ताईंनी लिहिलेलं असू शकतं.

बाकीचे लोक डोंगर-नद्यांपासून सुरुवात करायचे. ताई बंदरापासून करायच्या, बंदर नसेल तर सडकेपासून. सामाना नावाच्या प्रांतात हिवाळ्यात देवमासे येतात, त्यांना तिथं पिल्लं होतात आणि मग ते परत उत्तरेला जातात. हे वाचून ताई भलत्याच खूश झाल्या. "बाळंतपनाले येतेत अन् वापस जातेत. शहान्या हायेत बाया!"

आम्ही त्यांना चिडवायचो, "ताई, तिथं दरोडा घालून पळायचा विचार आहे का?"

"पळाची सोय पाहून ठेवली का मानूस निवांत बसते," त्या म्हणायच्या आणि खरंच निवांत बसायच्या, पाय वर घेऊन.

त्यांची स्वतःची सोय मात्र कुणी पाहिली नव्हती. वडील वीज केंद्रात नोकरीला होते, ते वारले. आईला लकवा मारला, तेव्हापासून ती पलंगावर. दोन भाऊ, एक पुण्याला, एक हैदराबादला. दोघंही आईची चौकशी नेमानं करायचे आणि फोन ठेवताना नेमानं म्हणायचे, "तू हायस ना घरी, मंग काय टेन्शन." ताई ही नक्कल इतकी झकास करायच्या की आम्ही पोट धरून हसायचो. हसणं संपलं की थोडं अवघड वाटायचं, पण तोवर त्या पुन्हा नकाशात शिरलेल्या असायच्या.

आमच्या ऑफिसात मोबाइल आत न्यायची बंदी. दारातल्या खणात ठेवायचा आणि संध्याकाळी घ्यायचा. मग आईचं कळणार कसं? त्यावर ताईंनी तोड काढली होती. शेजारच्या काकू दुपारी आईला खिचडी भरवायच्या आणि आमच्या रिसेप्शनच्या फोनवर मिस्ड कॉल द्यायच्या. दोन घंट्या वाजून बंद, म्हणजे आई जेवली. तो फोन उचलायचा नाही. घंटी वाजतच राहिली तर समजायचं की काहीतरी झालं, आणि मगच उचलायचा. दोन घंट्या झाल्याशिवाय ताई डबा उघडत नसत, आणि त्यांच्या सोबतीनं हळूहळू सगळ्या ऑफिसचेच डबे तोवर बंद राहू लागले. "आई जेवली, चला," असं म्हणूनच आमची जेवणाची सुटी व्हायची.

अशात कंपनीनं दोघांना तो देश प्रत्यक्ष बघायला बोलावलं. पहिलं नाव ताईंचं. मोठा भाऊ पुण्याहून येऊन आईजवळ राहतो म्हणाला. ताईंनी पासपोर्ट काढला आणि तो प्रत्येकाच्या टेबलावर नेऊन दाखवला. "पाहा न, कशी चोरावानी दिसून राहिली मी!" त्या दिवसांत त्या जिना चढतानासुद्धा गुणगुणायच्या.

तेव्हा त्यांच्याकडे इंडिपेंडेन्सिया प्रांत होता. म्हणजे स्वातंत्र्य. हैतीच्या सरहद्दीला लागून आहे, केळी पिकतात, सरहद्दीवर बाजार भरतो. सडक ताईंना लगेच सापडली. पण प्रांतात एक भलंमोठं तळं आहे, समुद्राच्याही खालच्या पातळीवर, समुद्राहून खारं, आणि त्यात मगरी. चहूकडून ओढे येऊन मिळतात आणि बाहेर एकही जात नाही. मध्यंतरी ते इतकं फुगलं की काठची शेतं गिळली. ताई बराच वेळ नकाशावर बोट फिरवत राहिल्या.

"भाऊ, पानी येऊनच राहिलं इथं. जाऊन नाही राहिलं कुठी. रस्ता एकच, वर. उनात आटाचं." मग एकदम खो खो हसल्या. "आन् नाव काय ठेवलं त पाहा न गा, स्वातंत्र्य!"

त्याच आठवड्यात मोठ्या भावाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी खणात मोबाइल ठेवता ठेवता त्यांनी मला सांगितलं, जसं काही बस चुकल्याचं सांगावं. "त्याले सुटी नाही भेटत म्हन्ते. तू हायस ना, म्हन्ते." त्या दिवशी नक्कल केली नाही.

रिसेप्शनवर तेव्हा नुकतीच एक नवी मुलगी आली होती. मोठी तत्पर पोरगी. घंट्यांचं तिला सांगायचं सगळ्यांच्याच डोक्यातून निघून गेलं. त्याच दुपारी फोन वाजला आणि तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

काचेतून आम्हाला एवढंच दिसलं की फोन तिच्या कानाला आहे. उचलला, म्हणजे काहीतरी झालं. ताई उठून उभ्या राहिल्या. मी शेजारच्याच खुर्चीत होतो, म्हणून फक्त मला ऐकू आलं. अगदी हळू आवाजात, सुस्कारा टाकावा तसं त्या म्हणाल्या, "झालं. आता जाता येईन."

मुलीनं फोन खाली ठेवला. "कोणी बोललंच नाही. कट केला." बिचाऱ्या काकू पलीकडून माणसाचा आवाज ऐकून दचकल्या असणार. कारण लगेच फोन पुन्हा वाजला. मुलीनं हात पुढे केला, तसे आम्ही "उचलू नको!" म्हणून ओरडलो. दोन घंट्या, आणि बंद.

आई जेवली होती.

ताई तशाच उभ्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, आइकलं का तुमी?"

"काय ताई?"

"आइकलं तुमी," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. डबा त्यांनी उघडला नाही.

तुम्हीच सांगा, यात पाप ते काय? इतकी वर्षं आईच्या पलंगाशी बांधलेल्या बाईच्या तोंडून एक श्वास निसटला, एवढंच. माझा तर जीव तुटला त्यांच्यासाठी. पण त्यांनी स्वतःला माफ केलं नाही. दुसऱ्याच दिवशी दौऱ्यातून नाव काढून घेतलं, महिनाअखेरीस नोकरीही सोडली. मी परोपरीनं समजावलं. "आईजवळ राहाले पाह्यजे भाऊ. मले आता माह्याच तोंडाचा भरोसा नाही," एवढंच बोलल्या.

त्या गेल्यावरही दुपारच्या दोन घंट्या वाजत राहिल्या. आता त्या ताई स्वतः द्यायच्या. आई जेवली, तुम्हीही जेवा. रिसेप्शनवरची मुलगी तेवढा वेळ हात मांडीवर घट्ट धरून बसायची.

गेल्या सोमवारी घंटी दोनवर थांबली नाही. तिसरी वाजली, चौथी वाजली. मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी जाऊन फोन उचलला.

"भाऊ, आई गेली. परवा." ताईंचा आवाज कोरडा होता. "दुपार झाली त हातानं आपोआपच नंबर लावला. बंद कराचं ध्यानच नाही राह्यलं."

मला त्यांचा पासपोर्ट आठवला. न राहवून विचारलं, "ताई, आता?"

मागून ताटांचा आवाज येत होता. कुणीतरी पुरुष ओरडला, "भात आन वं!"

"आता कायचं? दोघं भाऊ आले हायेत, जेवून राहिले. मोठ्याची नोकरी गेली पुन्याची. लेकरं घेऊन इथंच राहाले येतो म्हन्ते. तू हायस ना, म्हन्ते. ठेवते भाऊ. वाढा लागते."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला नाही. आम्ही बराच वेळ डबे समोर ठेवून बसून होतो.