आधी रस्सा दाखवा

आयुष्यात मी सूड एकदाच घेतला, तोही वाढपाच्या पळीनं. अजून आठवलं की भांडी घासताना एकटीच हसते.

माझी थोरली मुलगी जन्मापासून कानानं अधू. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिला सात सरून आठवं लागलं होतं आणि आमच्या उत्रोलीच्या शाळेत तिचं नाव अजून लागलं नव्हतं. सासूबाईंनी बजावलं होतं, "औंदा शाळंत गेली तर गेली. न्हाई तर जूनपासनं शेरडं राखंल."

म्हणून मी भोरला खेटे घालायची. दवाखान्यातले डॉक्टर म्हणायचे, "आधी शाळेचं पत्र आणा, मग कान तपासतो." शिक्षण खात्याचे साहेब म्हणायचे, "आधी कानाला यंत्र बसवा, मग शाळा पत्र देईल." यंत्र द्यायचं ते समाजकल्याणच्या साहेबांनी. ते म्हणायचे, "आधी डॉक्टरांचा दाखला." तिन्ही कचेऱ्या इतक्या जवळ, की एकीतून हाक मारली तर तिसरीत ऐकू जावी. पण हाक मारणार कोण? सगळे माझ्या पोरीहून बहिरे.

दवाखान्याच्या बाकावर मला भोरातलीच एक भाभी भेटली. तिच्या मुलाचे पाय ताठ. त्याला कडेवर घेऊन तीही त्याच तीन दारांत फिरत होती. एकदा पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "ताई, ह्यान्ला येकदा आपल्यावानी फिरवाया पायजे, रिकाम्या पोटी."

बस्स. माझ्या डोक्यात दिवाच लागला!

चैत्रात आमची यात्रा. यात्रेला तालुक्याच्या साहेबलोकांना मटणाचं आवतण असतंच, आणि ते चुकवत कुणी नाही. त्या वर्षी मी भावकीतल्या बायकांना फितवलं. भाकऱ्या माझ्या घरी. रस्सा खालच्या आळीत जावेकडं, पातेल्यापाशी खुद्द भाभी. भात देवळामागं, चुलत सासूबाईंकडं. आणि एकेका साहेबाला एकेका दारचं आवतण.

भर दुपारी डॉक्टर आले. मी हातात ताट दिलं. रिकामं.

"भाकरी?"

"हाय की, गरम हाय. पन आधी रस्सा घिऊन या. रस्सा बगितल्याबिगर आमी भाकरी वाढत न्हाई."

त्यांना वाटलं, गावची रीत असेल. गेले बिचारे खालच्या आळीत. तिथं शिक्षणाचे साहेब भाभीशी वाद घालत उभे होते. भाभी पळी उंचावून सांगत होती, "सायेब, आधी भात दाखवा. त्याबिगर रस्सा आमच्या अखत्यारीत येत न्हाई." अखत्यारी हा शब्द तिनं त्यांच्याच टेबलासमोर उभं राहून पाठ केला होता. देवळामागं चुलत सासूबाई समाजकल्याणच्या साहेबांना ऐकवत होत्या, "भाकरी आना, मंग भात. न्हाई तर उद्या या. उद्या मी नसते."

माझ्या सासूबाई कपाळ बडवत होत्या. "अगं भवाने, पावना उपाशी ग्येला तर गावात त्वांड कुठं दाखवू?"

"जात्यात कुठं उपाशी? वास तर घेत्यात!"

अखेर रिकामी ताटं घेऊन तिघं साहेब देवळापुढं एकत्र आले. उन्हानं लाल झालेले. आधी डॉक्टर हसले. शिक्षणाचे साहेब मात्र तडकले, "हा काय पोरखेळ लावलाय?"

मी मुलीला पुढं केली. "सायेब, हिच्यापायी आमी हेच जेवतोय, दोन वरसं झाली."

मग मी तिघांना माझ्या पडवीत एका पंगतीला बसवलं आणि भाकरी, रस्सा, भात सगळं मागवून घेतलं. आणि काय सांगू, जेवता जेवता ते तिघं या विषयावर पहिल्यांदा एकमेकांशी बोलले! डॉक्टर म्हणाले, "मला शाळेचं पत्र कशाला हवंय? तो तुमच्याच खात्याचा नियम ना?" शिक्षणाचे म्हणाले, "छे, आम्हाला वाटलं, यंत्राशिवाय मुलीला घेऊ नका असं तुमचंच म्हणणं आहे." प्रत्येकजण दुसऱ्याच्या नियमाला घाबरून दार लावून बसला होता. मी तिखट रस्सा वाढत राहिले. नको म्हणाले तरी वाढला. नाकाडोळ्यांतून पाणी येईतो वाढला.

सोमवारी तिघं दवाखान्यात एकाच खोलीत बसले. भाभीच्या मुलाचंही काम तिथंच झालं.

जूनमध्ये माझी लेक शाळेत गेली. यंत्राची डबी फ्रॉकच्या खिशात, वायर कानाला. पंधरवड्यात गुरुजी तक्रार घेऊन घरी हजर. "वहिनी, मी रागावलो की ही खिशात हात घालून बटण बंद करते, आणि माझ्याकडं बघून गोड हसते!"

मी चेहरा कडक केला, लेकीला पुढं बोलावलं आणि गुरुजींसमोर चांगलं खडसावायला तोंड उघडलं.

तिनं खिशात हात घातला.