आक्कांची पेन्सिल

आक्का नेहमी भिंतीला डावा खांदा लावून बसत. कुणी आले, कुणी हाक मारली तरी मान वळवत नसत. आलेल्यानेच त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसायचे. पालघरच्या शाळेत मला नोकरी लागली आणि वसंतरावांच्या फोटो स्टुडिओमागची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा घरमालकाची ही बहीण मला चांगलीच शिष्ट वाटली. एका दुपारी वाऱ्याने त्यांचा पदर सरकला आणि डाव्या गालापासून ओठापर्यंत पसरलेले पांढरे कोड मला दिसले. आक्कांनी पदर सावकाश सारखा केला. "बघितलंत ना, बाई?" त्या म्हणाल्या. "आता बसा कुठल्याबी बाजूला."

लग्नानंतर वर्षाच्या आतच हे कोड उठले होते. सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडले ते कायमचेच. रिकामे बसून डोके खराब होईल म्हणून वसंतरावांनी बहिणीला रिटचिंग शिकवले. खिडकीशी एक तिरकी चौकट, तीत फोटोची निगेटिव्ह काच, खालून आरशाचा उजेड आणि हातात सुईसारखे टोक काढलेली पेन्सिल. काचेत सगळे उलटे असते. गोरी बाई काळी दिसते, काळी गोरी. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे कोऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. तो पेन्सिलीने भरला की छापलेल्या फोटोतून डाग नाहीसा होतो. "माझ्याकडं सगळ्या उलट्या येतात आनि सरळ होऊन जातात," आक्का म्हणत.

काम मुख्यतः लग्नाच्या मुलींचे. मासिकाच्या मुखपृष्ठावरची नाहीतर साबणाच्या कॅलेंडरवरची नटी कापून आणायची आणि म्हणायचे, अशी भुवई करा, असा गाल करा. एखादीला दंड बारीक हवे असत. वसंतराव म्हणत, मागचा पडदा काळाच आहे, पात्याने दंडाची कड खरवडून टाक, कोणाला कळते? पण आक्का पात्याला हात लावत नसत. "पेन्सिलीचं टर्पेंटाइननं पुसता येतं. खरवडलेलं गेलं ते गेलं," हे त्यांचे ठरलेले उत्तर. मुलींवर त्या कधी चिडल्या नाहीत, पण मुलगी गेली की ते कात्रण हातात धरून बसत. एकदा मला म्हणाल्या, "या नटीची काच पन कुनीतरी माझ्यासारखीच घासत बसली असंल."

सातपाटीची हिराबाई मासळीची टोपली घेऊन बाजाराला जाताना आक्कांच्या पायरीवर घटकाभर टेकायची. बरोबर तिची लेक चंद्रा असायची. मोठ्या डोळ्यांची, उगीच हसणारी पोर. कपाळावर आणि हनुवटीवर लहानपणी आईने हौसेने काढून घेतलेले हिरवे गोंदण होते आणि चंद्राला त्याचा भारी राग होता. तिला स्थळ आले ते तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम चालले होते तिथल्या एका कारकुनाचे. त्याला म्हणे गावठी दिसणारी बायको नको होती. आधी फोटो पाठवा, पसंत पडला तर बघायला येतो, असा निरोप होता. चंद्राने आक्कांपुढे हनुवटी धरली आणि गोंदण तेवढे काढा म्हणाली. आक्कांनी तिला समजावून बघितले, मग हिराबाईकडे बघितले. हिराबाईनेही मान डोलावली, तेव्हा त्यांनी काढले.

फोटो हातात आला तशी चंद्रा खिडकीच्या उजेडात उभी राहून तो बघतच राहिली. कसे काढलेत, तिने विचारले. आक्का पेन्सिलीला टोक करीत सहज म्हणाल्या, "त्यात काय? ठिपके तर होते."

फोटो पसंत पडला आणि बघायला यायचा दिवस ठरला. पण येणारा माणूस फोटोतल्या मुलीला बघायला येणार होता. तिने कुणाला न सांगता चुन्यात काहीबाही कालवले, गोंदणावर थापले आणि वरून फडके बांधून घेतले. कातडी जळाली. पाहुणे आले ते ओटीवरच चहा पिऊन परत गेले. पुढे जखमा भरल्या, पण कपाळावर आणि हनुवटीवर ओढलेले, चकाकते वण राहिले आणि त्यांच्या कडेने हिरवी रेघ तशीच राहिली.

बऱ्याच दिवसांनी मायलेकी पायरीवर आल्या तेव्हा मी तिथेच होते. हिराबाई टोपली उतरवून नुसती बसली. चंद्राने दातांत धरलेला पदर सोडला.

"आक्का, फोटोत निगालं, मग तोंडावरचं का नाय निगालं?"

आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखरच कळले नव्हते. आक्कांनी भिंतीकडचा चेहरा वळवला आणि कोडासकट तो तिच्यासमोर धरला. मला त्या कारकुनाचा, कॅलेंडरांचा, सगळ्या जगाचाच संताप आला होता. आक्कांना बहुधा फक्त स्वतःचा आला.

त्यांनी चंद्राची काच शोधून काढली, टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसली आणि वसंतरावांना फोटो नव्याने छापायला लावला. गोंदण होते तसे परत आले. "ही तू. जपून ठेव," आक्का म्हणाल्या. चंद्राने फोटो पदराखाली घेतला आणि तिथल्या तिथे रडली.

आक्कांनी पुन्हा पेन्सिल धरली नाही. वसंतरावांनी विनवले, भांडले, शेवटी मुंबईहून एक माणूस आणला. मुलींना काही फरक पडला नाही. आक्का त्याच खिडकीत हात मांडीवर ठेवून बसत, आता मात्र रस्त्याकडे तोंड करून. तशाच बसलेल्या असताना वसंतरावांनी एकदा त्यांचा फोटो काढला, जन्मातला एकच. काच उजेडात धरून आक्कांनी स्वतः बघितली आणि भावाला बजावले, "हिला कुनी हात लावायचा नाय."

एका हिवाळ्यात साध्या तापाचे निमित्त होऊन आक्का गेल्या. दिवसकार्याला मी गेले तर पाटावर हार घातलेला फोटो होता. दोन्ही गाल सारखे, ओठ रेखीव, पांढरे केस काळेभोर. मी नमस्काराला वाकले आणि मला रडूच येईना. तेवढ्यात चंद्रा आली. आता आईची टोपली तीच वाहत होती. लग्न झालेच नव्हते. रिकामी टोपली पायरीखाली ठेवून ती दारात उभी राहिली आणि फोटोकडे बघून तिने हळूच मला विचारले, "ही कोन?"

ऐकून वसंतरावांची मान खाली गेली. चार लोक येणार म्हणून नव्या माणसाने परस्पर केले, असे ते पुटपुटले. चंद्राच्या दातांतला पदर सुटला.

"मग पुसा ना," ती म्हणाली. "आक्कांनी माझं पुसलं होतं तसं."

वसंतराव उठले, खणातून काच काढली आणि खिडकीशी धरून उभे राहिले. पांढरे कोड काचेवर दाट काळे उमटते; त्याला पेन्सिल चालत नाही. त्या माणसाने ते पात्याने खरवडले होते.