प्राप्तीचा पहारा

प्राप्तीबद्दल मी चांगलं लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. थळच्या मच्छीमार सोसायटीत मी, दीपेश, बारा वर्षं कारकून. बर्फ आणि डिझेलचं बुकिंग वहीतून संगणकावर मी आणलं. सर्व्हर आला तेव्हा खोक्यातून बाहेरही मीच काढला. आणि त्याची राखण करायला आणली कोणाला, तर सुकट विकणाऱ्या तुळशीच्या सव्वीस वर्षांच्या पोरीला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

नवी मुंबईतल्या एका कंपनीत तीन वर्षं काढून, आईचे गुडघे गेले म्हणून ती गावी परतली होती. स्कूटीवरून यायची, डब्यात भाकरी आणि जवळ्याची चटणी. त्या वासासकट ती एसीच्या खोलीत बसायची, कारण सर्व्हरला गारवा लागतो. मला गारवा लागतो असं बारा वर्षांत कोणाला वाटलं नाही.

आल्या आल्या तिने सर्व्हरची सगळी दारं बंद केली, कामापुरती दोनच उघडी ठेवली. याला फायरवॉल म्हणतात हे मलाही ठाऊक होतं, फक्त ते सभेत उभं राहून सांगायचं सुचलं नव्हतं. मग तिने एक पहारेकरी प्रोग्राम बसवला. एकाच ठिकाणाहून पाच वेळा चुकीचा पासवर्ड आला, की ते ठिकाण तासभर बंद. दर सोमवारी ती सिस्टिम अद्ययावत करायची, सर्व्हरवर कोण आलं, कोणी काय बदललं याच्या आठवड्याच्या नोंदी ओळ न ओळ वाचायची आणि चेअरमन हरेश्वरकाकांना सांगायची की या आठवड्यात बाहेरून चार हजारांवर प्रयत्न झाले, आत कोणी आलं नाही. काका खूश. ते चार हजार चोर कोणी पाहिले होते? पण माझ्या पोटात दुखायचं ते दुखायचंच.

सगळ्यात जास्त दुखलं ते जेट्टीवरून. आमच्याकडे बोट पुरुषांची, पण बुकिंग बायका करतात, तेही बहुतेक जणी जेट्टीवरच्या सोसायटीच्या एकाच वायफायवर. ज्या बाईच्या फोनला चार्जिंग, ती पाच बोटींचं बुकिंग करते. पासवर्ड कोणाला आठवत नाही, म्हणून आधी नवऱ्याच्या नावाचा, मग दिराच्या, मग बोटीच्या, असे लावून बघतात. हे मला पहिल्यापासून माहीत. मी प्राप्तीला सांगितलं नाही. तीच एक अख्खा दिवस सोनूबाईच्या शेजारी मासळीच्या टोपलीपाशी बसून आली आणि जेट्टीच्या वायफायचा पत्ता तिने सवलतीच्या यादीत घातला. त्या यादीतल्या ठिकाणाला पहारेकरी अडवत नाही.

जुलै संपत आला तेव्हा काकांनी जाहीर केलं की मासेमारीची पावसाळी बंदी उठतानाचं बुकिंग नीट पार पडलं, तर प्राप्ती संगणक विभागाची कायमची प्रमुख. ती जागा माझी होती. निदान मी तसं बायकोला सांगून बसलो होतो.

सर्व्हरमध्ये शिरायचे पूर्ण अधिकार आम्हा दोघांना होते. एका माणसावाचून गाडं अडू नये म्हणून माझं खातं तिनेच उघडून दिलं होतं. मंगळवारी दुपारी ती आईला अलिबागला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी आत शिरलो, सवलतीच्या यादीतून जेट्टीचा पत्ता काढला आणि चहा प्यायलो. नियम सगळ्यांना सारखा, असं मनाला सांगितलं. मनाने ते ऐकलं नाही, पण हातांनी ऐकलं.

गुरुवारी सकाळी आठला बुकिंग उघडलं आणि आठ वाजून सात मिनिटांनी, पाच चुकीचे पासवर्ड होताच, पहारेकऱ्याने अख्खी जेट्टी बंद केली. प्राप्तीने वीस मिनिटांत ती मोकळी केली, पण तोवर घरून बुकिंग करणाऱ्यांनी पहिल्या दिवसाचा बर्फ संपवला होता. चाळीस बोटी दोन दिवस किनाऱ्याला राहिल्या. सोनूबाई कोयता घेऊनच ऑफिसात आली.

काकांनी दोघांना समोर उभं केलं आणि हे कोणी केलं ते विचारलं. प्राप्तीने नोंदी वाचल्या होत्या, हे मला तिच्या तोंडावरूनच कळलं.

"चूक माझी हाय काका," ती म्हणाली. "उघडायच्या आधी यादी बघायला पायजे होती. मी बघितली न्हाय."

प्रमुखपद मला मिळालं. एसीची खोलीही मिळाली. नोकरी सोडण्याआधी तिने तीन सोमवार मला काम शिकवलं, न चिडता, आणि त्या न चिडण्याचाही मला हेवा वाटला. शेवटच्या दिवशी डबा पिशवीत घालताना ती म्हणाली, "दादा, मंगळवारच्या नोंदीत तुमचं नाव हाय. मी कोणाला सांगितलं न्हाय आणि पुसलीही न्हाय. नोंद पुसायची नसते."

ती गेली तशी मी दार लावून घेतलं. आता सगळे अधिकार माझेच होते. मंगळवारची ती ओळ शोधली आणि पुसली. हायसं वाटलं. मग खाली पाहिलं, तर नोंदवहीच्या तळाला नवी ओळ आली होती: दीपेश, दुपारी तीन दहा, नोंदवहीत बदल केला. मी तीही पुसली. तिच्या जागी तीन बाराची आली. तीन वीसपर्यंत मी पुसत होतो, आणि प्रत्येक वेळी तळाला माझंच नाव उरत होतं.

असं होणार हे तिला ठाऊक असणारच. ते तिने मला शिकवलं नव्हतं, एवढंच.