देवीचा फड आणि मेक्सिकोचा किडा

अकोल्याहून निघताना पत्नीला एवढेच सांगितले, की शिरूर तालुक्यात एका जुन्या माणसाला भेटायचे आहे. नोकरीची पहिली वर्षे मी तिकडे काढली होती, हे तिला ठाऊक होते. त्या माणसाकडे माझे काय काम आहे, ते तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

सकाळी दौंडला उतरलो. स्टेशनवर इंजिनांचा धूर खाली उतरला होता आणि चहावाल्याच्या कपात कोळशाचे कण तरंगत होते. मला जायचे होते ते गाव भीमेच्या काठी, वडगाव रासाईच्या अलीकडे. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते आवडेल की नाही, मला माहीत नाही. दौंडहून थेट मोटार नव्हती. आधी शिरूर गाठायचे आणि तिथून पुन्हा खाली नदीकडे यायचे.

"शिरूरचीच ना ही गाडी?" मी कंडक्टरला विचारले.

"शिरूर म्हना न्हाईतर घोडनदी म्हना, गाडी एकाच जागी थांबती. चढा लवकर."

शेजारी एक आप्पा बसले होते. मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडी. न्हावऱ्याजवळ इंजिन तापले, ड्रायव्हर घागर घेऊन विहिरीकडे गेला आणि आम्ही सगळे बाभळीच्या अर्ध्या सावलीत उतरलो. मी डायरी उघडून बसलो. तीत मी वाचनालयातल्या एका जुन्या सचित्र मासिकातले चित्र हाताने उतरवून घेतले होते. आप्पांनी मान वाकडी करून पाहिले.

"निवडुंगावर गिधाड कशापायी बसवलंय?"

"गरुड आहे तो. मेक्सिको म्हणून एक देश आहे, समुद्रापलीकडे. तिथल्या लोकांना त्यांच्या देवाने सांगितले होते, की जिथे निवडुंगावर गरुड बसलेला दिसेल तिथे गाव वसवा. त्यांना तो एका तळ्यातल्या बेटावर दिसला. तिथे त्यांनी राजधानी वसवली."

"काटं न्हाई टोचलं त्याला?" आप्पा म्हणाले. मग स्वतःच गंभीर झाले. "आमच्याकडं बी लई व्हता निवडुंग. मानूस शिरंल न्हाई आसा. एका साली समदा गेला. रगत गाळून गेला."

"कशाने?"

"कोन म्हंतं देवीचा कोप, कोन म्हंतं गोऱ्या सायबानं इख सोडलं. आजपत्तुर कुनाला उमगलं न्हाई बघा."

मला उमगलेले होते. मी डायरी मिटली.

आता ते सांगितले पाहिजे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका सरकारी खात्यात नवा नवा सहायक होतो. निवडुंगाने तेव्हा या भागातली कितीतरी जमीन गिळली होती. त्यावर उपाय म्हणजे एक किडा. तिळाएवढा, अंगावर पांढरा कापूस, चिरडला की रक्तासारखा लाल. त्याची किडकी पाने नेऊन निरोगी निवडुंगावर बांधायची. बाकीचे काम तो करतो. मूळ तो मेक्सिकोकडचा. तिथले लोक त्याचा एक भाऊबंद किडा निवडुंगावर जपून पाळत, हरणाच्या शेपटीने अलगद झाडून गोळा करत, आणि वाळवून त्याचा किरमिजी रंग करत. स्पेनच्या लोकांनी हे गुपित इतके राखले, की युरोपात कितीतरी काळ वाद चालला होता, रंगाचे ते दाणे बी आहेत की किडा. हे सारे मी आता आता वाचले. तेव्हा मला फक्त पाने बांधणे माहीत होते.

आम्हाला ताकीद होती, की गावाला विचारल्याशिवाय किडा सोडायचा नाही. या गावात देवीच्या देवळाभोवती निवडुंगाचा मोठा फड (दाट जाळी) होता. तो देवीचा. त्याला कोणी हत्यार लावायचे नाही. वर्षातून एकदा, जत्रेच्या आधी, देवळापर्यंतची वाट तोडायची आणि तो मान मुलाण्याचा. गावात बोकड कापणारे मुलाणी हे एकच मुसलमान घर. त्या घरच्या कर्त्या पुरुषाने वेगळा राखलेला कोयता नदीत धुवायचा आणि वाट मोकळी करायची. पाटलांनी मला साफ नाही म्हटले. मला बढती हवी होती. एका दुपारी गाव शेतात असताना मी दोन पाने फडाच्या मागच्या अंगाला बांधली आणि निघून गेलो. पुढे चार दिवसांनी मुलाण्याने वाट तोडली.

काही महिन्यांनी पाहणीसाठी आलो तर फड पांढरा पडून कोसळत होता. हात लावावा तिथे लाल. देवळापुढे सगळे गाव जमले होते. दगडू मुलाणी पुढे आला, कोयता पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "हात माझा व्हता. हितनं पुढं मी धरनार न्हाई." मी दहा पावलांवर उभा होतो. बोललो नाही. पुढच्या महिन्यात बदली मागून घेतली.

शिरूरला रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचलो. देवीचे देऊळ तेच होते. फड गेला होता, पण दाराच्या अगदी समोर एक निवडुंग पुन्हा उगवून माणसाच्या उंचीचा झाला होता. दोन म्हाताऱ्या बायका त्याला वळसा घालून, भिंतीला खेटून, वाकून आत जात होत्या. मी विचारले, हा तोडत का नाही?

"मुलान्याचा मान हाय त्यो," एक म्हणाली. "आन् मुलानी रुसलाय."

"त्यो कुटं रुसलाय?" दुसरी म्हणाली. "आबा पाटील दर जत्रंला त्याच्या दारात जात्यात. त्योच न्हाई म्हंतो."

मला वाटत होते, गावाच्या धाकाने त्याला मान सोडावा लागला. हे वेगळेच ऐकत होतो.

दगडूचाचा ओट्यावर दोरी वळत बसले होते. दाढी पांढरी, खांदे तसेच रुंद. मी नाव सांगितले. त्यांना आठवले नाही. त्यांच्या सुनेने भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. भूक नव्हती तरी खाल्ले, कारण खाताना बोलावे लागत नाही. ठेच्याने डोळ्यांत पाणी आले, तेव्हा काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हणालो, "ही मिरचीसुद्धा मूळची मेक्सिकोकडचीच."

"जावा वो," सून आतून म्हणाली. "कवठ्याच्या बाजारातनं आनलीया."

चाचा हसले. त्या हसण्याने मला धीर आला आणि मी सगळे सांगून टाकले. पाने, दुपार, बढती, दहा पावले. पाठ केलेल्या वाक्यांतले एकही आठवले नाही. चाचांच्या हातातली दोरी सुटून ओट्याखाली गेली.

"पुन्यांदा सांगा," ते म्हणाले. "कंदी बांदली पानं?"

"तुम्ही वाट तोडली त्याच्या चार दिवस आधी."

"आदी? म्हंजी माझ्या कोयत्याच्या आदी?"

"आधी."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. मग खालच्या आवाजात ते म्हणाले, "सायेब, त्या सकाळी मी कोयता धुतला न्हवता. आदल्या दिशी बोकड कापलं, सुरी गावंना म्हनून त्योच कोयता लावला. दिस वर आला व्हता. नदीवर गेलोच न्हाई. गावाला वाटलं मी देवीपायी मान सोडला. पन मला ठावं व्हतं ना. रगत लागल्याला कोयता लावला, म्हनून फडातनं रगत आलं. बायकोला बी बोललो न्हाई कवा."

आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. मी पंचवीस वर्षे या माणसाचा गुन्हेगार होतो, आणि तो पंचवीस वर्षे देवीचा.

"दावा मला त्यो किडा," ते एकदम उठून म्हणाले.

देवळासमोरच्या निवडुंगावर कापसाचे चारदोन ठिपके होतेच. एक मी काडीने काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्याने दाबला. अंगठा लाल झाला. त्यांनी तो उन्हात धरला, वास घेतला, पुन्हा पाहिला.

"येवढंसं?" ते म्हणाले आणि इतके मोठ्याने हसू लागले, की पारावरून आबा पाटील काठी टेकत आले. मला तेव्हा नाही म्हणणाऱ्या पाटलांचे हे थोरले चिरंजीव. चाचांनी मलाच बोलायला लावले. मी पारासमोर उभा राहून दुसऱ्यांदा सगळे सांगितले. न धुतलेल्या कोयत्याचे चाचांनी स्वतः सांगितले.

आबांनी आधी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "बापानं न्हाई म्हनल्यावर बी सोडला?"

"हो."

"सरकारी मानूस कबूल झाल्याला ह्या गावानं पैल्यांदाच बघितला." पारावर हशा झाला. आबा हसले नाहीत. "देवीला नारळ फोडा आन् माफी मागा. माझ्याकडं नगं, तिच्याकडं." मग चाचांकडे वळले. "आन् तुझं काय रं दगड्या? दर साली तुझ्या दारात येऊन माझ्या वहाना झिजल्या. आता तरी आन कोयता."

कोयता आढ्याला, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. चाचा तो घेऊन नदीवर गेले. मीही मागे गेलो. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी वाळूने पाते घासले. धुतले. पुन्हा घासले.

"झाला आता," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. मागच्या टायमाचं बी धुवायचंय."

फांद्या ओढून बाजूला धरायला कोणी पुढे येईना, तेव्हा मी धरल्या. चाचांनी खालून चार घाव घातले. निवडुंग आडवा झाला. पहिली आत गेली ती मघाच्या दोघींतली एक म्हातारी. सवयीने ती वाकली, मग लक्षात येऊन सरळ झाली.

रात्र तिथेच काढली, सकाळी देवीपुढे नारळ फोडून माफी मागितली आणि परतीला होडीने भीमा ओलांडली. पलीकडच्या चिखलात माझी एक चप्पल रुतून राहिली. दुसरी हातात घेऊन, अनवाणी, केडगाव स्टेशनपर्यंत चालत आलो. उसाच्या पाटातले पाणी वाटेवर आले होते. ते पायांना गार लागत होते. गाडीत मी दौंडही न पाहता झोपलो. बसल्या जागी, दिवसाउजेडी असा मी कधी झोपल्याचे आठवत नाही.

मासिकात लिहिले होते, की तो निवडुंग मेक्सिकोतून आपल्या देशात नेमका कसा आला ते कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. त्याचे काही वाटत नाही. काही कोडी राहिली तरी चालतात. माझे मात्र कोडे नव्हते. ते फक्त मी सांगितलेले नव्हते, आणि तेवढ्याने एका माणसाची उमेदीची वर्षे गेली. त्यांनी मला माफ केले का, हे मी विचारले नाही. निघताना त्यांनी माझी पिशवी होडीपर्यंत नेली होती.

घरी आलो तेव्हा तळहातात निवडुंगाची बारीक कुसळे रुतलेली होती. पत्नी सुई घेऊन उंबऱ्यात उजेडाला बसली आणि एकेक काढू लागली. तिने या वेळीही काही विचारले नाही. मीच म्हणालो, "ऐक, नोकरीच्या पहिल्या वर्षी काय झाले..."

तिने सुई थांबवली नाही. "हात हलवू नका," म्हणाली, "आणि सांगा."