रुमालाखालची मर्यादा

मी पुण्याची एसटी धरली तो घोडेगावच्या बाजाराचा दिवस होता. माझ्या होस्टेलच्या फीसाठी म्हैस विकायची होती, म्हणून आई, माझे चुलते तात्या आणि मी तिच्याबरोबर टेम्पोतूनच निघालो. वडील गेल्यापासून म्हशीची वैरण, शेण, धार सगळं आईकडे. सौदा मात्र तात्यांकडे. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. परक्या पुरुषाच्या हातात बाईने हात कसा द्यायचा? म्हणून आई लांब, टेम्पोच्या सावलीत उभी.

म्हैस गेली. आईने विचारलं, "भावजी, केवढ्याला दिली?"

"वहिनी, चारचौघांत इचारत्यात व्हय? काही मर्यादा हाय का न्हाई?"

आई माझी पिशवी उचलून एसटीकडे चालू लागली. एसटीच्या खिडकीशी येऊन मला एवढंच म्हणाली, "तू तरी इचारीत जा."

मर्यादा म्हणजे काय, ते मला त्या बाजाराने शिकवलं. तिथे न मारणाऱ्या जनावराला 'गरीब' म्हणतात, घरात न विचारणाऱ्या बाईला 'मर्यादशील'. दोन्हीकडे कौतुक लाथ न मारण्याचं. तात्यांना कुणी मर्यादशील म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

वाटलं होतं, हा शब्द गावातच राहिला. पुण्यातच नोकरी लागली. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला त्याच कामाचा पगार किती मिळतो, असं विचारलं, तर एचआरच्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं, "हे प्रोफेशनल नाही." रुमाल तोच, फक्त एसीतला. आणि गावाला मागास म्हणत इथे आलेल्या आपल्याच पोरांनो, तुम्ही तेव्हा मान खाली घालून कीबोर्ड बडवत होतात. तुम्हीही मर्यादशीलच निघालात.

मागच्या महिन्यात आईचा फोन आला. ती एकटीच दुसरी म्हैस घेऊन बाजारात गेली होती. "घेणाऱ्यानं रुमाल काढला. म्या म्हनलं, घडी कर त्याची अन् तोंडानं बोल. लोक लई हसले."

"मग?"

"मग बोलला की. समद्यांनी ऐकलं."

तात्या तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत. तिचं काही अडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पगाराचा प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. उत्तर अजून आलेलं नाही. नोकरी राहील की जाईल, तेही ठाऊक नाही. पण गेली तर कुठे परतायचं, ते आता कळलंय. तात्यांच्या ओसरीवर नाही. बाजारात आई जिथे उभी राहून मोठ्याने भाव करते, तेवढीच जागा माझं घर.