बाईंची माशी

माशीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बेटावरच्या संग्रहालयात, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या कीटकांच्या खोलीत ज्याची उभी हयात गेली, त्याला शेजारीपाजारी दुसरं काय म्हणणार? कुणाच्या गच्चीत पोळं लागलं की साहेबांना बोलावणं यायचं. साहेब जायचे, मान वर करून पाहायचे आणि हिरमुसून सांगायचे, "या माझ्यातल्या नव्हेत." झुंडीनं राहणाऱ्या गांधीलमाश्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव एकट्या राहणाऱ्या माश्यांवर. अशी मादी एकटीच चिखलाचं घरटं लिंपते, त्याच्या एकेका खोलीत अळ्या बेशुद्ध करून भरते, अंडं घालते, दार बंद करते आणि पिल्लाचं तोंडही न पाहता निघून जाते. बेटावर अशा किती जाती आहेत हे सांगणारं पुस्तक कुणी लिहिलं नव्हतं. साहेबांनी ते लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता केस पिकले.

त्यातल्या एका माशीला बाईंचं नाव होतं. बाई म्हणजे साहेबांची बायको. शाळेत गणित शिकवायच्या. लग्न ठरायच्या आधी साहेबांना प्रेमपत्र लिहायचं होतं, पण शब्दांच्या बाबतीत गडी जन्माचा कंजूष. दोन ओळींपुढे गाडी जाईना. तेवढ्यात ओढ्याकाठी एक सडपातळ, काळीभोर माशी सापडली, आधीच्या कुठल्याच वर्णनात न बसणारी. नव्या जातीचं नाव ठेवायचा मान ती जगापुढे मांडणाऱ्याचा. साहेबांनी बाईंच्या आडनावाला लॅटिनचं शेपूट जोडलं, ते माशीला दिलं आणि छापून आलेला लेख बाईंच्या हातात ठेवला. बाई विरघळल्या. लग्न झालं, आडनाव बदललं. बाईंना भाऊ नव्हता, बहिणीही आपापल्या सासरी गेल्या, आईवडील गेले. माहेरचं आडनाव आता फक्त त्या माशीकडे उरलं होतं. वर्गात दंगा झाला की बाई खडू आपटून म्हणायच्या, "जपून हं, माझ्या नावाची माशी डंख मारते."

पुस्तक छापखान्यात जायच्या बेतात असताना न्हाणीघराच्या खिडकीला एक चिखलाचं घरटं लागलं. साहेबांनी ते पातळ सुरीनं अलगद सोडवलं, काचेच्या बरणीत ठेवलं, वर फडकं बांधलं. काही दिवसांनी त्यातून एक सडपातळ काळी माशी बाहेर आली. साहेबांनी तिला वेगळ्या बरणीत घेतलं, भिंग लावलं आणि तिथूनच हाक मारली, "अगं, तुझी आली." बाईंच्या माशीचं घरटं आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. बाई हातातलं काम टाकून आल्या, बरणीला नाक लावून उभ्या राहिल्या आणि मग धाकट्या बहिणीला फोन लावून बराच वेळ बोलत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच घरट्यातून दुसरी माशी निघाली. ही चांगली दांडगी, पोटावर पिवळे पट्टे. हिला साहेबांनी झोपेतही ओळखलं असतं. ही थोरल्या साहेबांची. थोरले साहेब म्हणजे ज्यांच्या हाताखाली माशीसाहेब शिकले ते. आता हयात नव्हते. त्यांनी या पट्टेवालीचं नाव फार पूर्वी ठेवलं होतं.

हे काय गौडबंगाल? एका घरातून दोन जाती? साहेबांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि निमूटपणे पिऊनही टाकला. मग तर्क लढवले. पट्टेवालीनं काळीचं घरटं बळकावलं असेल. पण मग काळीचं पिल्लू जगलं कसं? बरं, काळी चोरून अंडं घालणारी असेल, दुसऱ्याच्या पिल्लाच्या जिवावर वाढणारी. पण घरटं फोडून पाहिलं तर खोल्या वेगळ्या, आणि प्रत्येकीत अळ्यांची टरफलं तीच, लिंपण तेच. नाश्त्याला उभा केलेला तर्क जेवणापर्यंत कोसळायचा. साहेबांच्या डोक्याचा पार भुगा झाला. काळीची बरणी त्यांनी पुस्तकांच्या मागे सरकवून ठेवली. बाईंनी विचारलं, "माझीला का लपवलंय?" तर म्हणाले, "तिला उजेड सोसत नाही." उजेडावाचून या माशीचं पान हलत नाही, हे बाईंना त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

शेवटी संग्रहालयात जाऊन त्यांनी दोन्ही जातींचे खण बाहेर ओढले. टाचण्यांवर बसवलेल्या बाईंच्या माश्या एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. प्रत्येकीच्या मिशीच्या टोकाला बारीक, गळासारखा आकडा. आकडा म्हणजे नर. सगळेच्या सगळे नर. थोरल्या साहेबांच्या खणात सगळ्या माद्या. यात नवं काहीच नव्हतं. आपल्याकडे नुसते नरच आहेत हे त्यांनी लेखातही लिहिलं होतं, आणि माद्या कधीतरी सापडतीलच असं स्वतःला समजावत आले होते. माद्या शेजारच्या खणात होत्या. घरी येऊन त्यांनी दोघांना एका बरणीत सोडलं. काळा पट्टेवालीच्या पाठीवर चढला आणि उरलासुरला संशयही गेला.

बाई दारात उभ्या होत्या. गणिताच्या बाई त्या, त्यांना फार सांगावं लागलं नाही.

"म्हणजे माझी माशी हा नर आहे."

"हो."

"नराला डंख असतो?"

"नसतो," साहेब म्हणाले.

बाईंना हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. "मग आता?"

साहेबांनी नियम सांगितला. एका जातीला दोन नावं चालत नाहीत. आधी ठेवलेलं राहतं, नंतरचं जातं. थोरल्या साहेबांनी ठेवलेलं आधीचं.

"जातं म्हणजे कुठे जातं?"

"तसं पुसत नाहीत. खालच्या ओळीत, बारीक अक्षरात राहतं. पूर्वी असंही म्हणत, म्हणून. वापरत मात्र कुणी नाही."

"आणि तुम्ही लिहिलंच नाही तर?"

"तर कुणाला कळायचं नाही. पुढेमागे कुणीतरी शोधून काढेल, पण तोवर आपण कुठे असू?" साहेब बरणीकडे बघत म्हणाले, "नाहीच लिहीत मी."

बाईंनी पुढे होऊन बरणी उजेडात धरली. मिशीच्या टोकावरून नर ओळखणाऱ्या माणसाला समोरची बायको रागावली आहे की रडणार आहे हे काही उमगेना. आपण बोललो ते तिला आवडलं की लागलं, तेही कळेना. एवढ्या वर्षांत तिला कधी नीट पाहिलंच नाही की काय, अशी त्यांना भीती वाटली.

"लिहा," बाई म्हणाल्या. "लग्नानंतर आडनाव बदललं ना, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. कचेरीतल्या माणसानं परस्पर नवं लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. मी नुसती सही केली. तुम्ही शेजारीच उभे होतात."

"मला तेव्हा काही…"

"सुचलं नसेल. माझं मलाही सुचलं नव्हतं. पण या वेळी कुणी परस्पर खोडायचं नाही. माझ्यादेखत होऊ दे."

साहेबांनी पुस्तकाचं ते पान काढलं. पेन उघडलं. बाईंच्या आडनावावर टोक टेकवलं, पण हात पुढे सरकेना. बाईंनी पेन काढून घेतलं. वर्गात चुकलेलं उत्तर खोडतात तशी सरळ एक रेघ ओढली. मग खालच्या ओळीत तेच आडनाव शेपटासकट लिहिलं, बारीक अक्षरात, घाई न करता, आणि पान साहेबांपुढे धरलं.

"तपासा. बरोबर आहे ना?"

सगळं बरोबर होतं. साहेबांनी पेन घेऊन समासात बरोबरची खूण केली.